दिवाणखान्यातले थेटर

गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या घरी एक खटला उभा राहिला. वादी आमची नात, प्रतिवादी मी, आणि न्यायासनावर नेहमीप्रमाणे सौभाग्यवती. खटल्याचा विषय होता 'होम थिएटर'. घरात जो संच आहे तो निकामी असून येत्या दिवाळीला नवा आणलाच पाहिजे, असे वादीचे म्हणणे. आणि तो संच मीच तीन वर्षांपूर्वी निवडून आणलेला असल्यामुळे निकालाविषयी मला मुळीच शंका नव्हती.

त्या जुन्या संचाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळावयाची नाही. मी दुकानात गेलो तो वॅट म्हणजे शौर्य अशी समजूत बाळगून. खोक्यांवरचे आकडे वाचले, सर्वांत मोठा आकडा असलेल्या खोक्यावर बोट ठेवले. दुकानदाराने एक युद्धपट लावला. तोफा धडाडल्या, दुकानाच्या काचा थरथरल्या, माझी छाती आतून हलली आणि मी पैसे मोजले. घरी आल्यावर ध्यानात आले की, या यंत्रातून तोफा उत्तम बोलतात. माणसे मात्र पुटपुटतात. संवाद ऐकावा म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोट होऊन खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड जिना चढून वर येई. आवाज उतरवावा, तर नायकनायिका नुसतेच ओठ हलवीत.

यात आम्हांला करमणूक वाटे. परंतु माझ्या आईला, तिची ऐंशी वर्षे पुरी झाली आहेत, ती वाटत नसे. खिडकीपाशी तिची एक आरामखुर्ची आहे. आरंभी ती तेथे बसून "काय म्हणाला तो?" असे विचारी. मग विचारीनाशी झाली. पुढे चित्रपट लागला की, "तुम्ही पाहा रे, मला काही त्यात कळत नाही," असे म्हणून जपाची माळ घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागली. तिला चित्रपटांचा कंटाळा आला, असे आम्ही समजलो. "पणजीला कंटाळा नाही आला, तिला ऐकू येत नाही," हे शोधून काढले ते अकरा वर्षांच्या नातीने, आणि वर्षभरानंतर. खटल्यातले खरे कलम ते होते.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. एखादी गोष्ट कळेनाशी झाली की तिची वंशावळ पाहावयाची, ही आमच्या जातीची खोड. तेव्हा दुसऱ्यांदा दुकानात जाण्यापूर्वी मी या यंत्राची वंशावळ पाहावयास बसलो. दुकानात जो इतिहास ऐकावयास मिळतो तो पडद्याच्या इंचांचा आणि वॅटांच्या आकड्यांचा असतो. पण वाचकहो, खरा इतिहास निराळाच निघाला. त्यातली महत्त्वाची जवळजवळ प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाने घडवलेली आहे: पडद्यावरच्या माणसाचा शब्द, तो यावयास हवा तेथून, बसलेल्या प्रत्येकाला स्पष्ट कसा ऐकू येईल?

घरात प्रथम आले ते चित्र, आणि तेही मुके. फ्रान्समधल्या पाथे कंपनीने १९१२ साली खास घरांसाठी एक प्रक्षेपक विकावयास काढला. तेव्हा पुष्कळ घरांत वीज नव्हती. म्हणून दांडा फिरवला की फिल्मही सरके आणि त्याच दांड्याच्या जोरावर दिव्याला वीजही मिळे, अशी योजना केली होती. १९२२ साली याच कंपनीने 'पाथे बेबी' हे आणखी लहान यंत्र काढले. आपल्याकडेही त्याच सुमारास एका घरात चित्रपटाने बिऱ्हाड थाटले होते. पण ते करमणुकीसाठी नव्हे. दादासाहेब फाळके १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतले आणि दादरच्या त्यांच्या राहत्या घराचा कारखाना झाला. कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसकसे वाढते याची छोटीशी फिल्म करून ती त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि त्या बळावर कर्ज मिळवले. फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके घरीच करीत. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थेटरात झळकला, तोपर्यंत महाराष्ट्रातले पहिले 'घरचे थेटर' हे असे कष्टाचे होते.

चित्र मुके होते, तेव्हा आवाज दुसऱ्याच कोपऱ्यात बसून गात असे. ग्रामोफोनच्या कर्ण्यातून नाट्यगीते ऐकणाऱ्या घरांत कोणाला चित्राची उणीव भासत नसे. गाणारा कोठे उभा आहे हा प्रश्नच नव्हता. तो कर्ण्यात होता. हा प्रश्न पडावयास चित्र आणि आवाज एकत्र यावे लागले.

ते आपल्याकडे एकत्र आले १९३१ साली. १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक थेटरात 'आलम आरा' लागला, आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपटाचा शुभारंभ केला. बोलपटाच्या थेटरांत एक साधी पण मोठ्या अकलेची युक्ती असे. पडद्याला बारीक बारीक छिद्रे पाडलेली असत आणि स्पीकर पडद्याच्या मागे ठेवलेला असे. शब्द पडद्यातूनच गाळून येत असल्यामुळे तो नटाच्या मुखातून आला, असे प्रेक्षकाला वाटे. नाटकवेड्या मराठी माणसाला हे पटकन मानवले असले पाहिजे. कारण रंगभूमीवर शब्द नटाच्या तोंडून निघतो आणि पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, हाच आपला थेटराचा कायदा.

त्याच १९३१ साली लंडनमध्ये अॅलन ब्लुमलाइन नावाचा एक अठ्ठावीस वर्षांचा इंजिनियर पत्नीसह बोलपट पाहावयास गेला होता. पडद्यावरचा नट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. आवाज मात्र होता तेथूनच येत राहिला. ब्लुमलाइनला ते खटकले. आवाज माणसाच्या मागोमाग चालवण्याची युक्ती आपल्यापाशी आहे, असे त्याने पत्नीला सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५. त्यात एकंदर ७० दावे. दोन कानांसाठी दोन आवाज वेगळे टिपावयाचे आणि एकाच तबकडीच्या एकाच खाचेत दोन्ही कोरावयाचे, हे आजच्या 'स्टिरिओ'चे मूळ त्या कागदात आहे. ब्लुमलाइन ज्या ईएमआय कंपनीत होता ती त्याच वर्षी जन्मलेली; आणि आपल्या घराघरांतल्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे बसलेले जे कुत्रे होते, ते तिच्याच कुळातले. काळ मात्र या माणसाला अनुकूल नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तो विमानातल्या रडारच्या कामावर गेला आणि ७ जून १९४२ रोजी चाचणीचे विमान कोसळून, वयाची ३९ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, मरण पावला. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात सर्वत्र मिळू लागल्या त्या १९५८ साली.

आता येथे एक बारीकशी गोम आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या इतिहासाचे मर्म तीत आहे. दोन स्पीकरांची गंमत पुरी अनुभवावयाची तर ऐकणाऱ्याने बरोबर मध्ये बसावे लागते. तो थोडा बाजूला सरकला की जवळच्या स्पीकरचा आवाज त्याच्या कानांवर आधी येतो, आणि कान ठरवून टाकतो की माणूस याच बाजूला आहे. एकटा रसिक मध्यभागी आसन मांडून बसेल. पण घर म्हणजे काही एकटा रसिक नव्हे. घरात एक जण कोचावर, दोन जमिनीवर, एक दाराच्या चौकटीला टेकून, आणि एक खिडकीपाशी आरामखुर्चीत असते.

या गोमेवरचा उतारा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने शोधला होता. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फिया शहरात एक प्रख्यात वाद्यवृंद वाजत होता आणि ते संगीत तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात नेले जात होते. वृंदाचा मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांपुढे नव्हताच. तो वॉशिंग्टनला यंत्राची बटणे फिरवीत बसला होता. रंगमंच मोकळा, आणि तरी वाद्यवृंद तेथे हजर असल्याचा भास! या प्रयोगात मायक्रोफोन तीन होते आणि स्पीकरही तीनच: डावा, उजवा आणि मधला. मधल्या स्पीकरमुळे बाजूला बसलेल्या श्रोत्यालाही मधला वादक मध्येच ऐकू येई. आज ज्याला दुकानात 'सेंटर स्पीकर' म्हणतात आणि जो दिसावयास सर्वांत किरकोळ असल्यामुळे गिऱ्हाईक ज्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याची वंशावळ ही अशी थोर आहे.

मोठ्या थेटरांनी हा धडा उचलला, पण सावकाश. वॉल्ट डिस्नेचा 'फँटेशिया' १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा आवाज पडद्याच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूंनी येत होता; परंतु यंत्रसामग्री इतकी अवजड आणि महाग की मोजक्याच शहरांना ती लाभली. पुढे अमेरिकेत घरोघरी टेलिव्हिजन गेला आणि थेटरे ओस पडू लागली, तेव्हा मात्र मालक खडबडून जागे झाले. ३० सप्टेंबर १९५२ला 'सिनेरामा' आला: तीन प्रक्षेपक, अर्धगोल पडदा आणि आवाजाचे सात मार्ग. पुढच्याच वर्षी 'द रोब' या चित्रपटाने सिनेमास्कोप आणला. त्यात फिल्मवरच चुंबकीय पट्ट्यांत आवाजाचे चार मार्ग होते, तीन पडद्यामागचे आणि चौथा प्रेक्षकांच्या सभोवतालचा. घराने थेटराशी स्पर्धा केली म्हणून थेटर सुधारले. आणि ते सुधारल्यावर घराला त्याचा हेवा वाटू लागला.

घराची अडचण जागेची होती. खर्जाचा आवाज हवा तर कपाटाएवढा स्पीकर हवा, असा तेव्हाचा नियम. १९५४ साली एडगर विल्चर या अमेरिकनाने तो मोडला. त्याने स्पीकरची पेटी पूर्णपणे बंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. पुस्तकाच्या फळीवर मावेल अशा पेटीतून भरदार खर्ज निघू लागला. विल्चरचा त्या वेळचा भागीदार हेन्री क्लॉस. याची आणि आपली पुढे पुन्हा भेट होणार आहे.

यानंतर १९५६ साली असा एक प्रसंग घडला की, तो वाचून माझ्या जिवाला फारच समाधान झाले. बोस्टनजवळच्या एमआयटी या विख्यात संस्थेत अमर बोस नावाचा तरुण डॉक्टरेटचे काम संपवीत होता. त्याचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते; ते अमेरिकेस जाऊन स्थायिक झाले होते. अमर लहानपणी व्हायोलिन शिकलेला. त्याने हौसेने एक उत्तम ध्वनिसंच विकत घेतला आणि निवडला तो कागदावरची मोजमापे पाहून. इंजिनियरच तो, मोजमापे त्याला आमच्यासारखी फसवणार थोडीच! पण घरी लावून ऐकतो तर व्हायोलिन व्हायोलिनसारखे वाजेना. माझ्यात आणि त्याच्यात फरक इतकाच की, मी कपाळाला हात लावून बसलो आणि तो संशोधनाला बसला. संगीतगृहात श्रोत्याच्या कानी पडणारा बराचसा ध्वनी वाद्याकडून थेट येत नाही, भिंतींवरून आणि छतावरून परतून येतो, या गोष्टीवर त्याने भर दिला. १९६४ साली त्याने कंपनी काढली आणि १९६८ साली जो स्पीकर बाजारात आणला, त्यातले नऊपैकी आठ ध्वनिमुखे मागच्या भिंतीकडे तोंड करून होती! या रचनेबद्दल जाणकारांत पुढे पुष्कळ वाद झाले. तो त्यांचा त्यांनी करावा. आपण एवढे ध्यानात ठेवावे की, यंत्र कागदावर वाजत नाही, खोलीत वाजते.

आता हा इतिहास भारतात येतो, आणि तोही आडवाटेने. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनियर विद्यार्थिदशेतच पहिल्या व्यवहारोपयोगी व्हिडिओ टेप यंत्रावर काम केलेला. हे यंत्र १९५६ सालचे. पुढे त्याने केंब्रिजला डॉक्टरेट मिळवली आणि १९६३ ते १९६५ ही दोन वर्षे युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात काढली. चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरणांच्या केंद्रीय संस्थेशी त्याचे काम निगडित होते. टेपवर ध्वनिमुद्रण केले की मागे एक अखंड 'स्स्स्' ऐकू येई. गाणे हळू झाले की ते अधिकच बोचे. या सळसळीवरचा उपाय त्याला भारतात असतानाच सुचला, असे सांगतात. उपाय असा: मुद्रण करताना हळू स्वर मुद्दाम उचलून धरावयाचे आणि ऐकताना तितकेच खाली उतरवावयाचे, स्वर मूळ पदावर येतात आणि त्यांच्याबरोबर टेपची सळसळ मात्र खाली दबते. १९६५ साली भारतातून तो लंडनला गेला आणि त्याने आपली प्रयोगशाळा काढली.

याच प्रयोगशाळेने पुढे चित्रपटाच्या फिल्मवर जी करामत केली, तिच्यातून घरचे थेटर जन्मास आले. फिल्मच्या कडेला आवाजाच्या दोन पट्ट्यांपुरतीच जागा होती. मार्ग मात्र चार हवे होते. तेव्हा दोन ताटांत चार पक्वान्ने अशी मांडली की, वाढप्याला पुन्हा वेगळी काढता यावीत. जो आवाज दोन्ही पट्ट्यांत सारखा, तो मधल्या स्पीकरचा, जो दोन्हींत आहे पण एकमेकांच्या उलट, तो मागच्या स्पीकरांचा, उरलेले डाव्याउजव्याचे. १९७७ साली 'स्टार वॉर्स' चित्रपटाने ही पद्धत जगभर गाजवली. गंमत पुढेच आहे. हे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर उतरले तेव्हा त्या दोन पट्ट्याही जशाच्या तशा उतरल्या. लोकांनी कॅसेट घरी नेली ती चित्रासाठी. तिच्या पोटात दडून चारही मार्ग न बोलावता घरात आले होते! ते सोडवून देणारी यंत्रे १९८२ पासून घरांसाठी निघू लागली, आणि १९८७च्या सुधारलेल्या यंत्राने घराला मधला स्पीकर दिला. बेल प्रयोगशाळेतून निघालेला तो मधला आवाज दिवाणखान्यात पोचावयास ५४ वर्षे लागली.

अमर बोस १२ जुलै २०१३ रोजी वारले आणि रे डॉल्बी त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला. एकाचे वडील आपल्या देशातून तिकडे गेलेले. दुसरा तिकडून येऊन आपल्याकडे दोन वर्षे राहिलेला. आज कोणत्याही शहरातल्या दुकानात त्यांची नावे खोक्यांवर शेजारी शेजारी दिसतात.

गडगडाटाचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९७४ साली 'अर्थक्वेक' या भूकंपाच्या चित्रपटासाठी थेटरांत प्रचंड खर्जाचे स्पीकर बसवले होते. एका थेटरात छताचे पोपडे पडतील म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळे बांधले होते म्हणतात. खर्जाचा हा निराळा मार्ग पुढे सभ्य झाला. 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणजे ५.१ हा आकडा टॉमलिन्सन होलमन या ध्वनितज्ज्ञाने १९८७ साली सुचवला: पाच मार्ग पुरे आणि सहावा फक्त खर्जाचा. खर्जाला ध्वनीच्या विस्ताराचा अगदी थोडा भाग लागतो, म्हणून त्याला एक न म्हणता दशांश म्हटले. १९९२च्या 'बॅटमन रिटर्न्स' आणि १९९३च्या 'जुरासिक पार्क' या चित्रपटांपासून हे मार्ग अंकांच्या रूपाने चित्रपटगृहात आले, आणि १९९६ साली जपानात विक्रीस आलेल्या डीव्हीडीने पुढे तेच घरात आणले. २०१२ पासून आवाज छतावरूनही उतरू लागला. या सगळ्यात 'सबवूफर' नावाचा जो धिप्पाड गडी आहे, त्याच्याबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: अगदी खालचा खर्ज कोणत्या दिशेने येतो, हे कानाला नीटसे कळत नाही. म्हणून त्याला कोपऱ्यात बसवला तरी चालतो. आणि अमळ दाबून बसवला तर शेजारधर्मही टिकतो.

राहता राहिले चित्र. ज्या हेन्री क्लॉसची भेट होणार म्हणून मघाशी म्हटले, त्याने १९७२ साली घरासाठी सात फुटी पडद्याचा टेलिव्हिजन विकावयास काढला. लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन नळ्यांतून पडद्यावर चित्र पडे. त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. आमच्याकडे सात फूट नव्हते. आमच्या चाळीत एक संच होता, लाकडी पेटीतला, सरकती दारे असलेला आणि वर भरतकामाचे झाकण घातलेला. पुढे रंगीत चित्र आले १९८२ साली. मग व्हीसीआर भाड्याने आणण्याचे दिवस आले. रात्री नऊला सुरुवात करून पहाटेपर्यंत तीन चित्रपट, कारण भाडे रात्रीचे. खोलीत तीसचाळीस माणसे, खाली गाद्या आणि गोधड्या, मांडीवर झोपलेली पोरे. टेलिव्हिजनला स्पीकर एकच, वितभर. आणि तरी शब्दन्‌शब्द ऐकू येई. आई तेव्हा पुढच्या रांगेत असे, आणि तिसऱ्या चित्रपटापर्यंत जागी असे.

वितभर स्पीकरने जे साधले ते माझ्या वॅटांच्या पर्वताला का साधू नये? याचे उत्तर मला सर्वांत जुन्या प्रकरणात सापडले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले होते आणि त्यात वक्त्याचे एक अक्षर कळत नव्हते. एक शब्द पाच सेकंदांहून अधिक घुमत राही; तोवर पुढचे दहाबारा शब्द त्याच्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे दुखणे सोपवले. तो आणि त्याचे मदतनीस रात्र पडली की जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा उचलून आणीत, त्या एकेक करून मांडीत, ऑर्गनची नळी वाजवून घुमणारा आवाज किती वेळात विरतो ते मोजीत, आणि सकाळच्या आत सगळ्या उशा परत नेऊन ठेवीत. मऊ वस्तू आणि माणसांची अंगे ध्वनी पिऊन टाकतात, हे त्याने आकड्यांत मांडले. त्याच्या सल्ल्याने १९०० साली बोस्टनमध्ये बांधलेले संगीतगृह आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

मी उठलो आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी उभा राहून टाळी वाजवली. ती झणझणत भिंतींवरून परत आली. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेची दारे. दोन वर्षांपूर्वी घर 'सुधारले' तेव्हा सतरंजी गेली, जाड पडदे गेले, पुस्तकांचे कपाट आतल्या खोलीत गेले. चाळीत जे काम गोधड्या आणि माणसे करीत होती, ते करावयास येथे कोणीच उरले नव्हते. त्यात आताचे टेलिव्हिजन पाटीसारखे सपाट. त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बोलतात. आणि चित्रपटाचा आवाज तर मोठ्या थेटराच्या मापाने बांधलेला. कुजबुज आणि स्फोट यांत केवढे तरी अंतर. दिवाणखान्यात ते अंतर झेपत नाही. आईचे कान म्हातारे झाले होते हे खरे. पण अर्धा अपराध घराचा होता, आणि उरलेला माझा.

असो. या खेपेस दुकानात गेलो तो नातीला घेऊन. "काका, किती वॅटचा दाखवू?" असे विचारताच, "आधी मधला स्पीकर ऐकवा," असे मी म्हणालो. दुकानदाराने युद्धपट लावला. नातीने तो बंद करावयास लावून, दोन माणसे नुसती बोलत आहेत असा प्रसंग मागितला. आम्ही मध्ये बसलो नाही. मुद्दाम कडेच्या खुर्चीवर बसलो, डोळे मिटले आणि आवाज कमी करीत करीत ऐकला. ज्या संचात शब्द शेवटपर्यंत टिकला तो निवडला. यंत्रात मधल्या आवाजाची पातळी निराळी वाढवता येते का आणि रात्रीच्या वेळी स्फोट आवरून धरण्याची सोय आहे का, हे विचारले, दोन्ही होत्या. पडदा मोठा घेतला नाही. त्यातून वाचलेल्या पैशांत जाड पडदे आणि सतरंजी आली. पुस्तकांचे कपाट चौघांनी ढकलून पूर्वीच्या जागी आणले. मधला स्पीकर टेलिव्हिजनखाली, बसलेल्या माणसाच्या कानांच्या रोखाने किंचित वर उचलून ठेवला. सबवूफर कोपऱ्यात गेला.

पाडव्याच्या संध्याकाळी पहिला चित्रपट कोणता लावावयाचा, यावर पुन्हा खटला होण्याचा रंग दिसू लागला. न्यायासनावरून निकाल आला: आईंना विचारा. आईने १९५३ सालचा 'श्यामची आई' सांगितला. तिने तो शाळकरी वयात पाहिला होता. नात हिरमुसली. एवढे पाच स्पीकर आणि सहावा कोपऱ्यातला, आणि चित्रपट मात्र काळापांढरा!

चित्रपट सुरू झाला आणि नात एकेका स्पीकरला कान लावून पाहू लागली. डावा गप्प, उजवा गप्प, मागचे दोन्ही गप्प. त्या काळच्या चित्रपटाला आवाजाचा मार्ग एकच; आणि दोन्ही पट्ट्यांत जे सारखे असते ते मधल्या स्पीकरचे, हा हिशेब यंत्राने बिनचूक केला होता. साऱ्या संचात बोलत होता तो एकटा मधला.

आई खिडकीपाशी तिच्या आरामखुर्चीत होती. जपाची माळ आतच राहिली होती. मध्येच मी सवयीने आवाज वाढवावयास गेलो, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "असू दे रे तेवढाच. कशाला ओरडायला लावतोस त्यांना?"